चालता लॅपटॉप भंगारात कोणी काढला?

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. चिंचवडला ओळखीच्या एका लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात बसलो होतो. चाकणच्या कारखान्यात कंत्राटी काम करणारे एक गृहस्थ पिशवीतून लॅपटॉप घेऊन आले. मुलगी डिप्लोमाला. दीड वर्षापूर्वी सोळा हजारांना घेतलेले जुने यंत्र, कुठल्यातरी आयटी कंपनीतून बाहेर पडलेले. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम.

"भाऊ, स्क्रीनवर सारखं येतंय, सपोर्ट संपला म्हणून. नवीन विंडोज मारून द्या."

दुकानदाराने पाहिले. "दादा, याला अकरा चढत नाही."

"का? बिघडलाय का?"

"नाही हो. मशीन एकदम चांगलं आहे."

गृहस्थ क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "चांगलं आहे, तर चढत का नाही?"

मला लॅपटॉपचे वेड आहे. नवे मॉडेल आले की त्याचा प्रोसेसर, स्क्रीन, बॅटरी हे सगळे वाचून काढल्याशिवाय मला झोप लागत नाही. तरीही त्या प्रश्नाला मी तिथे उत्तर दिले नाही, कारण खरे उत्तर लाजिरवाणे आहे. चढत नाही, कारण कंपनीने चढू द्यायचे नाही असे ठरवले आहे.

आता तपशील पाहू. विंडोज १० बाजारात आले २९ जुलै २०१५ रोजी. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या एका प्रतिनिधीने जाहीर व्यासपीठावरून ही विंडोजची शेवटची आवृत्ती असल्याचे सांगितले होते. २०२१ मध्ये विंडोज ११ आले आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. अकरासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. सातव्या पिढीच्या बहुतेक यंत्रांत टीपीएम २.० असते, तरी ती यादीबाहेर. पण याच सातव्या पिढीतला ७८२०एचक्यू हा प्रोसेसर नंतर यादीत घेतला गेला. तो कुठे वापरला होता? मायक्रोसॉफ्टच्याच सरफेस स्टुडिओ २ या महागड्या संगणकात. घरच्या पाहुण्याला दार उघडले, बाकीच्यांना नियम दाखवला.

सुरक्षेचा मुद्दा खोटा आहे असे मी म्हणत नाही. टीपीएममुळे डिस्कच्या कुलपाची किल्ली सुरक्षित राहते. जुन्या यंत्रांवर क्रॅश जास्त होतात असेही कंपनी सांगते. मानू या. पण मग सुरक्षा-अपडेट बंद केल्याने तीच जुनी यंत्रे अधिक असुरक्षित होतात, त्याचे काय? ज्याची काळजी वाटते, त्याचे औषध कोणी बंद करतो का? आणि औषध संपलेलेही नाही. वैयक्तिक ग्राहकांना आणखी एक वर्ष अपडेट देण्याची योजना कंपनीनेच काढली. ३० डॉलर भरा, किंवा कंपनीचे १००० रिवॉर्ड पॉइंट द्या, किंवा कंपनीच्या खात्यात साइन-इन करून आपली सेटिंग्ज तिच्या क्लाउडवर पाठवा. म्हणजे अपडेट तयार होत आहेत, फक्त दारावर तिकीट लावले आहे.

युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज उठवला. तिथल्या लोकांना क्लाउडची अट न घालता हे वर्ष मोफत देण्यात आले. आपल्याला मिळाले नाही, कारण आपण विचारलेच नाही. ज्या पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचा पाया घातला, त्या पुण्याच्या शेजारी बसून मी हे लिहितो आहे. तेल, डाळ, गॅस सिलिंडर यांच्या वजनमापावर भांडायला आपण शिकलो. सॉफ्टवेअर मात्र आपल्याला दैवी कोप वाटतो. स्क्रीनवर आले म्हणजे आले!

याचा फटका फक्त विद्यार्थ्यांना बसतो असे नाही. भोसरी एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये डोकावून पाहा. सीएनसी मशीन वीस वर्षे जुने, पण मायक्रॉनमध्ये काम देणारे. त्याला प्रोग्रॅम पाठवायला शेजारी एक धुळकट पीसी, मागे जाड सिरियल केबल. त्यावर विंडोज एक्सपी किंवा सेव्हन. मालक मागासलेला आहे म्हणून नव्हे. ते सॉफ्टवेअर आणि त्याचा डोंगल नव्या सिस्टीमवर चालत नाही म्हणून. मशीनचे आयुष्य तीस वर्षांचे आणि त्याला जोडलेल्या सिस्टीमचे दहा, हे गणित कोणी मांडले? या पट्ट्यातला प्रत्येक फिटर सांगेल की बेअरिंग गेले तर बेअरिंग बदलतात, लेथ फेकून देत नाहीत.

आणि फेकलेले जाते कुठे? चिखली-कुदळवाडीची भंगाराची गोदामे या औद्योगिक शहराचे पोट होती. कारखाने आणि कचेऱ्या जे टाकत, ते इथली माणसे हातांनी वेगळे करत. तांबे इकडे, प्लास्टिक तिकडे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो शेड आणि बांधकामे जमीनदोस्त केली. ती अनधिकृत होती, प्रदूषण होते, आगी लागत होत्या, असे कारण दिले गेले. त्या वादात आज जात नाही. प्रश्न एवढाच आहे की भंगार उचलणाऱ्याला बुलडोझर आणि चालत्या यंत्राचे भंगार करणाऱ्याला काय? २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांत यंत्र बनवणाऱ्यावर जबाबदारी आहे. चांगल्या यंत्राचा आधार काढून घेऊन त्याला कचरा ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल त्यांत काही नाही.

आता थोडे आपल्याबद्दल. एमएस-सीआयटीने महाराष्ट्रात लाखो लोकांना माऊस धरायला शिकवले. त्याचे ऋण मान्य. पण संगणक साक्षरतेच्या नावाखाली आपण प्रामुख्याने एकाच कंपनीची बटणे शिकलो. केरळने सरकारी शाळांत उबुंटूवर आधारलेली मुक्त प्रणाली वापरली, मुले त्यावर शिकली आणि काही बिघडले नाही. आपल्याकडे लिनक्स म्हटले की लोक हॅकरकडे पाहावे तसे पाहतात.

माझ्याकडच्या एका बारा वर्षांच्या लॅपटॉपवर मी लिनक्स मिंट टाकले आहे. हा लेख त्यावरच इनस्क्रिप्टमध्ये लिहिला. पण भक्तासारखे बोलणार नाही. टॅली लागणाऱ्याला, सॉलिडवर्क्स शिकणाऱ्याला, डिजिटल सहीचा डोंगल लावून टेंडर भरणाऱ्याला लिनक्सवर जाणे आज अडचणीचे आहे. कृतिदेव किंवा श्रीलिपीतल्या जुन्या फायलींचे तर बोलूच नका. म्हणूनच "लिनक्स टाका" हे एका माणसासाठी उत्तर असेल, समाजासाठी पुरेसे उत्तर नाही.

नवा लॅपटॉप घेणाऱ्यांनाही दोन शब्द. २०२४ पासून एआय पीसीचा गजर चालू आहे. कोपायलट प्लसचा शिक्का हवा तर ४० टॉप्सचा एनपीयू आणि १६ जीबी रॅम हवी. कीबोर्डवर वेगळे बटणही आले. डिप्लोमाच्या मुलीला त्या शिक्क्याचा उपयोग काय, हे दुकानदाराला विचारा. त्यापेक्षा रॅम बोर्डावर झाळलेली आहे की बदलता येते, बॅटरी कितीला मिळते, दुसरा एसएसडी बसतो का, हे विचारा. आणि एक गोष्ट आजच करा. नव्या विंडोजमध्ये कंपनीच्या खात्याने साइन-इन केले की अनेकदा डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची रिकव्हरी की त्या खात्यात जाते. दुकानदाराने घाईत बनवलेल्या खात्याचा पासवर्ड तुम्हाला माहीत नसेल, तर एक दिवस स्वतःच्याच फोटोंपुढे दार बंद होईल. ती की कागदावर लिहून कपाटात ठेवा.

मागण्या साध्या आहेत. यंत्र विकताना त्याला सॉफ्टवेअरचा आधार कोणत्या तारखेपर्यंत मिळेल, हे खोक्यावर एमआरपीच्या शेजारी छापा. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी घेणाऱ्या सरकारला एवढे बंधन घालता येते. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल काढले. त्या हक्कात सुरक्षा-अपडेटही मोजा. जे युरोपच्या ग्राहकाला मोफत, ते चाकणच्या कामगाराला विकत का, हे कंपनीला विचारा.

त्या दिवशी दुकानदाराने मुलीच्या सॉफ्टवेअरची गरज ओळखून विंडोज १० च ठेवले आणि त्या एका वर्षाच्या योजनेत नाव घालून दिले. पैसे घेतले नाहीत. गृहस्थ उठताना म्हणाले, "म्हणजे पुढच्या वर्षी परत यायचं?"

दुकानदार हसला. मला हसू आले नाही. बारा तास उभे राहून कमावलेल्या सोळा हजारांना कोणी दूरवरून मुदत घालून द्यावी, आणि आपण त्याला प्रगती म्हणावे, हे मला मान्य नाही.