अर्धवट गाडी, पूर्ण किंमत

१४ फेब्रुवारी २०२५ रोजी महिंद्राने बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या विजेवरच्या दोन गाड्यांची नोंदणी खुली केली आणि पहिल्याच दिवशी ३०,१७९ गाड्या बुक झाल्या. शोरूमच्या दराने त्यांची किंमत ८,४७२ कोटी रुपये होते. चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या गाड्यांना असा प्रतिसाद मिळावा, ही महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. विजेवरची गाडी ही हौशी श्रीमंतांची चैन आहे, हा समज त्या दिवशी बराचसा पुसला गेला. मात्र नोंदणी झाली म्हणजे चावी हाती आली असे नाही. सर्वांत महाग ‘पॅक थ्री’ मार्चच्या मध्यापासून, ‘पॅक टू’ जुलैपासून आणि सर्वांत स्वस्त ‘पॅक वन’ ऑगस्टपासून, असे वेळापत्रक कंपनीने आधीच जाहीर केले होते. आधी सांगितले, हे चांगलेच केले. सगळ्याच कंपन्या एवढे सांगत नाहीत.

वेळापत्रक लिहून दिलेले नसते तेव्हा भुर्दंड ग्राहकालाच पडतो. एक्स्चेंजमध्ये द्यायच्या जुन्या गाडीचा भाव महिन्यागणिक उतरतो, तिच्या विम्याची मुदत संपते, बँकेच्या कर्जमंजुरीची मुदतही टळते आणि कागदपत्रे पुन्हा जमवावी लागतात. पाडव्याचा मुहूर्त दसऱ्यावर जातो. शोरूममधून मात्र ‘पुढच्या लॉटमध्ये येईल साहेब’ एवढेच ऐकू येते. त्या विक्री प्रतिनिधीवर चिडण्यात अर्थ नाही, कारण लॉट कधी येणार हे त्यालाही कोणी सांगितलेले नसते.

विलंबाची काही कारणे कंपन्यांच्या हाताबाहेरची आहेत, हे मान्य केले पाहिजे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा खनिजांच्या आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि विजेच्या मोटारींची साखळी जगभर आखडली. त्याची झळ पुण्यात बजाजच्या चेतक स्कूटरच्या उत्पादनालाही बसली. पण ज्या विलंबाचे मूळ सॉफ्टवेअरमध्ये असते, त्याची जबाबदारी कोणत्याही परदेशी सरकारवर ढकलता येत नाही.

फोक्सवॅगनने ‘आयडी.३’ ही गाडी सप्टेंबर २०१९ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात दाखवली. नोव्हेंबरमध्ये चॅन्सेलर अँगेला मर्केल यांच्या उपस्थितीत झ्विकाऊच्या कारखान्यात उत्पादन सुरू झाले. गाड्या भराभर बाहेर पडल्या, पण सॉफ्टवेअर तयार नसल्याने मोकळ्या मैदानांत रांगेने उभ्या राहिल्या. ग्राहकांच्या हाती गाडी पडायला सप्टेंबर २०२० उजाडले. तेव्हाही दोन सुविधा अपुऱ्याच होत्या. पुढे याच उद्योगसमूहाच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या रखडपट्टीमुळे पोर्शेची विजेवरची मकान आणि ऑडीची नवी गाडीही लांबणीवर पडली. २०२२ मध्ये समूहाचे प्रमुख हर्बर्ट डीस पायउतार झाले, त्यामागेही हे एक मोठे कारण मानले जाते. तरीही या प्रकरणातली एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. आयडी.३च्या पहिल्या ग्राहकांना कंपनीने स्पष्ट विचारले होते, की या दोन सुविधांशिवाय गाडी आत्ता घेता, की थोडे थांबता? निर्णय ग्राहकाच्या हाती होता. अपुरी वस्तू विकण्यात फसवणूक असतेच असे नाही. ती अपुरी आहे हे लपवण्यात असते.

व्होल्वोच्या ‘ईएक्स ३०’चे उदाहरण अधिक बोलके आहे. या गाडीत चालकासमोर वेगाचा काटा नाही. वेगापासून सगळी माहिती मधल्या एकाच पडद्यावर दिसते. जून २०२४ मध्ये असे आढळले, की गाडी सुरू करताना हा पडदा कधीकधी कारखान्यातल्या चाचणीच्या स्थितीत जातो आणि वेग दिसतच नाही. जगभरातल्या सुमारे ७२ हजार गाड्यांसाठी रिकॉल जाहीर करावा लागला. दुरुस्ती इंटरनेटवरून पोचली, गाडी गॅरेजमध्ये न्यावी लागली नाही. तरीही कंपनीने तो रिकॉल म्हणूनच जाहीर केला आणि तेच योग्य होते. याच कंपनीच्या मोठ्या ‘ईएक्स ९०’चे उत्पादन सॉफ्टवेअरपायी २०२३ वरून २०२४ वर गेले आणि नंतर पहिल्या ग्राहकांच्या गाड्यांतला मुख्य संगणकच मोफत बदलून देण्याची घोषणा करावी लागली.

आपल्याकडचे चित्र पाहू. विजेवरच्या गाडीत चाके फिरवणाऱ्या मोठ्या बॅटरीखेरीज एक १२ व्होल्टची साधी बॅटरीही असते. दिवे, पडदे, कुलपे आणि सगळे नियंत्रण तिच्यावर चालते. ह्युंदाई आणि किआच्या गाड्यांत या छोट्या बॅटरीला मोठीतून वीज पुरवणारा ‘आयसीसीयू’ हा भाग बिघडला, की छोटी बॅटरी उतरत जाते, पडद्यावर इशारा येतो, वेग मंदावतो आणि अखेर गाडी थांबते. मोठ्या बॅटरीत सत्तर टक्के वीज शिल्लक असली तरी थांबते. खंबाटकी घाटात, मागे मालट्रकची रांग असताना हे घडले तर काय, याची कल्पना रोज तो रस्ता कापणाऱ्यांनी करावी. या दोषासाठी जून २०२४ मध्ये भारतातील १,७४४ आयोनिक ५ आणि पुढच्याच महिन्यात १,१३८ ईव्ही ६ परत बोलावल्या गेल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये ईव्ही ६साठी याच भागाच्या सॉफ्टवेअरपायी पुन्हा रिकॉल निघाला, या वेळी १,३८० गाड्यांचा. पहिल्या दुरुस्तीत काय राहून गेले होते, हे जाणून घेण्याचा अधिकार त्या गाड्यांच्या मालकांना नाही काय?

कायद्याचे संरक्षण त्यांना आहे, पण दुबळे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले आणि सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याची ताकद केंद्राला मिळाली. दोष आढळल्यास उत्पादकाने स्वतःहून सरकारला कळवावे, तसे केल्यास दंड नाही, ही तरतूदही त्यात आहे. एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. पण तक्रारींच्या अटीकडे पाहा. वर्षाला पाचशेपर्यंत विकल्या जाणाऱ्या गाडीच्या बाबतीत वीस टक्के ग्राहकांची तक्रार आली, तर सक्तीच्या रिकॉलची वाट उघडते. म्हणजे दर पाचवा मालक रस्त्यात अडकून सरकारकडे पोचेपर्यंत थांबायचे! परीक्षण संस्थेच्या किंवा अन्य मार्गाने आलेल्या माहितीवरही केंद्र पाऊल उचलू शकते, असे कलमातच म्हटले आहे. ही वाट वापरण्याची इच्छाशक्ती हवी.

आम्हाला सर्वांत जास्त चिंता वाटते ती गुपचूप होणाऱ्या दुरुस्त्यांची. रात्री गाडी दारात उभी असते, इंटरनेटवरून अपडेट येते, सकाळी पडद्यावर ‘कार्यक्षमतेत सुधारणा’ अशी एक ओळ दिसते. त्या ओळीआड नवे गाणे वाजवण्याची सोय आहे की ब्रेकच्या नियंत्रणातली चूक, हे मालकाला कळत नाही. अमेरिकेत हा प्रश्न ऑक्टोबर २०२१ मध्येच उभा राहिला. टेस्लाने आदल्या महिन्यात आपत्कालीन वाहनांचे दिवे ओळखण्यासंबंधीचे अपडेट परस्पर पाठवले होते. तिथल्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने कंपनीला पत्र लिहून विचारले, की सुरक्षेशी निगडित दोष दुरुस्त करत असाल तर रिकॉल का नोंदवला नाही? डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लाच्या वीस लाखांवर गाड्यांसाठी जे सॉफ्टवेअर गेले, ते रीतसर रिकॉल म्हणून नोंदले गेले. तीच टेस्ला जुलै २०२५ पासून मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात गाड्या विकते आहे. तिच्या अमेरिकी ग्राहकाला जी माहिती हक्काने मिळते, ती मुंबईच्या ग्राहकाला का मिळू नये?

इंटरनेटवरून होणाऱ्या दुरुस्तीला आमचा विरोध नाही. लातूर किंवा सिंधुदुर्गातल्या मालकाला सर्व्हिस सेंटरसाठी शंभर-दोनशे किलोमीटर जावे लागत असेल, तर ही सोय त्याच्यासाठी वरदानच आहे. मात्र या सोयीच्या भरवशावर अर्धवट गाडी विकली जाऊ नये. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय फ्लॅटचा ताबा घेतलेल्यांचे पुढे काय होते, हे आपल्या शहरांनी पुष्कळ पाहिले आहे. गाडीच्या बाबतीत निदान काय बाकी आहे आणि ते केव्हा पूर्ण होणार, हे विक्रीच्या करारात लिहिलेले असावे. जाहिरातीत दाखवलेली सुविधा गाडी देताना चालू नसेल, तर नोंदणी रद्द करून पूर्ण रक्कम व्याजासह परत घेण्याची मुभा असावी. वितरणाची तारीखही लेखी हवी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओला इलेक्ट्रिकला १०,६४४ तक्रारींवरून नोटीस बजावली होती. स्कूटरबाबत दाखवलेली ती तत्परता मोटारींबाबतही दिसली पाहिजे.

महाराष्ट्राचे दायित्व इतरांपेक्षा मोठे आहे. एप्रिल २०२५ मध्ये मंजूर झालेल्या नव्या धोरणातून राज्य या गाड्यांना टोलमाफी देते, म्हणजे सरकार स्वतः ग्राहकाला ही खरेदी करायला सांगत आहे. सॉफ्टवेअर अपडेटचे नियमन कसे करावे, याची संयुक्त राष्ट्रांची नियमावली युरोपात जुलै २०२४ पासून सर्व नव्या गाड्यांना लागू झाली. त्याच धर्तीवर आपल्याकडे ‘एआयएस १९०’ मानकाचा मसुदा तयार आहे आणि गाड्यांची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे. राज्याने केंद्राकडे या मानकाच्या सक्तीचा आग्रह धरावा. सुरक्षेशी संबंधित प्रत्येक अपडेट, त्यामागचा दोष आणि बाधित गाड्यांची संख्या यांची सार्वजनिक नोंद व्हावी. जुनी गाडी विकत घेणाऱ्याला तर या नोंदीची सर्वाधिक गरज आहे, कारण पहिल्या मालकाला आलेला ईमेल त्याच्यापर्यंत पोचत नाही. ‘वाहन’च्या संकेतस्थळावर आज नोंदणी क्रमांक टाकला की विम्याची आणि नोंदणीची मुदत दिसते. त्याच पडद्यावर प्रलंबित रिकॉलची ओळ यायला नवा कायदा लागत नाही, रस्ते वाहतूक मंत्रालयाची एक अधिसूचना पुरेशी आहे.