जकार्त्याचा निकाल
१९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धेत कबड्डीला रीतसर प्रवेश मिळाल्यापासून तिचे सुवर्णपदक म्हणजे आपल्या नावे लागलेली इनामाची जमीन आणि दर चार वर्षांनी केवळ वहिवाट दाखविण्यापुरते तेथे हजर राहावयाचे, अशी जी निश्चिंत वृत्ती आपल्यात बळावली होती, तिचा निकाल २०१८ साली जकार्त्यात लागला. इराणने उपांत्य सामन्यात आपल्या पुरुषांना २७-१८ असे नमविले, आणि दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, मस्तक व सर्वांग झाकून खेळणाऱ्या इराणी मुलींनी अंतिम सामना २७-२४ असा जिंकला. त्या मुलींच्या प्रशिक्षिका होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. राज्याच्या क्रीडाखात्यातून निवृत्त झाल्यावर या बाई परमुलखात गेल्या, कामापुरती फारसी शिकल्या आणि सरावाला त्यांनी प्राणायामाची जोड दिली. यात कोणास फितुरी दिसल्यास दिसो (कुस्तीचे वस्तादही कदर होईल त्या संस्थानात जात, हे अशांनी विसरू नये). परंतु चढाईस आलेल्या खेळाडूचा घोटा कोपऱ्यावरच्या मुलीने अचूक धरावा आणि उरलेल्यांनी क्षणार्धात साखळी आवळावी, ही आपल्याच मैदानांवरची विद्या आपल्यावर चालविली गेली याचा विषाद मला, खरे सांगावयाचे तर, फारसा झाला नाही.