पुनःप्रक्षेपणाची वहिवाट

जी वस्तू मोबदल्यावाचून मिळते तिच्या गुणदोषांची चिकित्सा करण्याचा अधिकार घेणाऱ्याला उरत नाही, असा एक समज आपल्या समाजात फार पूर्वीपासून रुजलेला आहे. आणि म्हणूनच की काय, दर महिन्याला वर्गणी भरून घेतलेल्या वाहिन्यांविषयी तासन्‌तास कुरकुर करणारे आपण, ज्या वाहिन्या एकदा छपरावर थाळी बसवली की पुढे कसलेही देणे न मागता घरात येतात, त्यांच्याविषयी चार शब्द बोलण्याची तसदी सहसा घेत नाही. एके काळी दूरचित्रवाणीचा संच बाळगायचा तर टपाल कचेरीत वार्षिक शुल्क भरून सरकारी परवाना घ्यावा लागे. तो ऐंशीच्या दशकात रद्द झाला. पुढे २००४ च्या डिसेंबरात जी सरकारी उपग्रहसेवा सुरू झाली, आणि जिला आज डीडी फ्री डिश या नावाने सारे ओळखतात, तिच्यात तर पाहणाऱ्याने काही द्यायचे नाही, उलट खासगी वाहिन्यांनीच जागेसाठी लिलावात बोली लावायची, अशी तजवीज आहे. म्हणजे आपण जेव्हा फुकट पाहत असतो तेव्हा आपल्या नजरेचा मक्ता कोणीतरी रोख पैसे मोजून घेतलेला असतो, आणि सांधेदुखीचे तेल व भिंतीचा रंग यांच्या जाहिरातींमधून तो वसूल होत असतो.

मक्ता महाग असला की माल स्वस्त असावा लागतो, हा व्यापाराचा जुनाच शिरस्ता. नवा चित्रपट घ्यायचा तर थैली मोकळी करावी लागते. जुना चित्रपट ठरावीक मुदतीसाठी घेतला की त्या मुदतीत तो वारंवार दाखवता येतो, आणि जितक्या वेळा दाखवावा तितका दर खेळाचा खर्च उतरत जातो. तेव्हा आपल्यासमोर जे अभिजात म्हणून वाढले जाते त्याच्या निवडीत रसिकतेपेक्षा जमाखर्चाचा हात मोठा असतो, हे ध्यानात घेऊनच पुढचे वाचावे.

यंदा आषाढी एकादशीचा आठवडा मी कोल्हापुरात आक्काकडे काढला. पाऊस असा लागला होता की रंकाळा तलावापर्यंत पाय मोकळे करायला जाणेही दुरापास्त व्हावे; आणि दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून दुपारी आणि रात्री जुना चित्रपट पाहण्याचे व्रत इतक्या निष्ठेने पाळतात की, पाहुण्याने त्यात सामील होण्यावाचून गत्यंतर नसते. त्यांच्या घरी फ्री डिशची थाळी आहे. मुलाने मुंबईहून येऊन हवे ते हवे तेव्हा पाहण्याची आधुनिक सोय बसवून दिली होती. परंतु काय पाहावे हे आपणच ठरवायचे, ही जबाबदारी दाजींना नोकरीतल्या जबाबदाऱ्यांहून जड वाटली आणि ती सोय तशीच पडून राहिली.

दाजींची चित्रपट पाहण्याची रीत पंचनाम्याची आहे. कथा त्यांना पाठ असते, तेव्हा नायक-नायिकेकडे त्यांचे लक्ष नसते; ते पाहतात ती नायकाच्या पाठीमागची भिंत, टांग्याची पाटी, पडवीत बसलेला म्हातारा. कोल्हापूरच्या माणसाला हा अधिकार आहेही. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी याच गावची. ‘प्रभात’ १९२९ मध्ये येथेच जन्मली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ तर येथल्या माणसांच्या बोलण्यात अजून नातेवाईकासारखा येतो. भालजींचा ‘साधी माणसं’, १९६५ चा, एका दुपारी लागला होता. जयश्री गडकर आणि सूर्यकांत यांच्यावरून सबंध गावाची दृष्टी हटत नसे त्या काळातला हा चित्रपट, परंतु दाजी मला म्हणाले, “पाव्हणं, हिरोकडं नगा बघू. मागं तो घागर घेऊन चाललाय न्हवं, तो आमच्या गल्लीतला. एवढंच काम त्याचं, पर जन्मभर सांगत फिरला.” आणि खरोखरच, चार क्षणांपुरता पडद्यावरून जाणारा तो घागरवाला, ज्याचे नाव श्रेयनामावलीत नाही, तो पहिल्यांदाच चित्रपट पाहणाऱ्याच्या नजरेस पडणे अशक्य होते. पहिल्या खेळाला आपण कथेचे ताबेदार असतो. पुढच्या कुठल्यातरी खेळाला आपली त्या ताबेदारीतून सुटका होते, आणि मग चित्रपटातली खरी वस्ती दिसू लागते.

एकादशीच्या दिवशी ‘संत तुकाराम’ असणारच, आणि होताच. १९३६ चा हा चित्रपट, दामले आणि फत्तेलाल या जोडीचा, पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, हे मराठी माणसाला अभिमानाने सांगता येते. परंतु त्या दिवशी जे दिसले ते पाहून व्हेनिसच्या परीक्षकांनी काय केले असते कोणास ठाऊक. जुन्या चित्रपटाची चौकट जवळजवळ चौरस, उंची तीन तर रुंदी चार अशी; आजच्या संचांचा पडदा सोळा-नऊच्या मापाचा, लांबट. दोहोंचा मेळ घालण्याचा सरळ मार्ग म्हणजे चित्र मधोमध ठेवून दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडणे. पण पडद्याची जागा रिकामी राहिली तर प्रेक्षकाला फसवल्यासारखे वाटेल अशी धास्ती घेतलेल्या त्या वाहिनीने, जिचे नाव मी येथे घेत नाही, चित्रच ताणून बसवले होते. परिणामी विष्णुपंत पागनीसांचा तुकोबा, ज्याची सारी मोहिनी कृश देहात आणि आत वळलेल्या दृष्टीत आहे, तो रुंदीने सुमारे एक तृतीयांश वाढून चांगल्या खात्यापित्या घरचा दिसू लागला, आणि वैकुंठीचे विमानही आडवे पसरले. गौरीची आवली मात्र कुठल्याही मापात तितकीच खरी उतरते. पांडुरंगाला धारेवर धरणाऱ्या त्या बाईला पडद्याच्या लांबीरुंदीचे सोयरसुतक नाही.

येथे आक्काने एक शंका काढली. तिच्या भजनी मंडळात ती पेटी वाजवते. आणि टीव्हीवरचा तुकोबांचा अभंग पेटीवर धरायला गेले की तो काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधेच कुठेतरी बसतो, कुठल्याच पट्टीला नीट लागत नाही, अशी तिची जुनी तक्रार होती. मुळातच ध्वनिमुद्रण तसे असेल, हे संभवनीय आहे. तरीही या तक्रारीला एक तांत्रिक आधार आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. चित्रपटगृहात फिल्म सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने धावते. आपल्या देशाने स्वीकारलेली दूरचित्रवाणीची पद्धत मात्र सेकंदाला २५ चौकटींची आहे. हा एका चौकटीचा फरक भरून काढण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे फिल्मच किंचित वेगाने पळवणे. तो केला की दोन तासांचा चित्रपट सुमारे पाच मिनिटे लवकर संपतो, माणसे कळेल न कळेल इतकी लगबगीने चालतात, आणि साऱ्यांचे आवाज थोडेसे वर चढतात. म्हणजे ज्यांनी जुने चित्रपट केवळ घरातच पाहिले, त्यांच्या एका सबंध पिढीने आपल्या आवडत्या गायकांचा खरा सूर कदाचित कधी ऐकलेलाच नाही. आक्काला हे सांगितल्यावर तिने पेटी बंद केली आणि तिचा दोष नव्हता याचे समाधान मानले.

पुनःप्रक्षेपणाला जे लोक आळसाचे लक्षण मानतात, त्यांच्यासाठी त्याच आठवड्यात लागलेल्या ‘सांगत्ये ऐका’चा दाखला पुरे व्हावा. अनंत माने यांचा १९५९ चा हा तमाशापट, हंसा वाडकर आणि जयश्री गडकर यांचा, पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. अडीच वर्षे! तेव्हाच्या पुण्याची वस्ती विचारात घेता प्रत्येकाने एकदाच पाहिला असता तर हा हिशेब जुळणे कठीण. लोक पुन्हापुन्हा जात होते, आणि दर खेपेला तिकिटाचे पैसे मोजून जात होते. वग, लावणी, कीर्तन, पारायण यांच्यावर वाढलेल्या समाजाला कथा माहीत असणे ही अडचण कधी वाटलीच नाही. नवे ते पाहण्याची निकड ही अलीकडची आहे, आणि ती प्रेक्षकापेक्षा विक्रेत्याच्या सोयीची आहे.

‘सामना’ रात्री उशिरा होता. निळू फुले आणि श्रीराम लागू समोरासमोर बसले की मला आजही दुसरे काही सुचत नाही. दाजी झोपी गेले होते.

आणि ‘अशी ही बनवाबनवी’. त्याविषयी काय सांगावे? १९८८ चा सचिनचा हा चित्रपट, ज्याचे बीज हृषीकेश मुखर्जी यांच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’मध्ये आहे, तो आता पाहण्याचा विषय राहिलेला नसून घरातल्या आवाजांपैकी एक आवाज झाला आहे. आक्का स्वयंपाकघरात भाकरी थापत होती आणि अशोक सराफांच्या तोंडचे वाक्य ते पडद्यावर येण्यापूर्वीच म्हणत होती. चित्रपट निःसंशय हुन्नरी आहे. लक्ष्मीकांत बेर्डे यांचे स्त्रीवेषातले भाबडे संकोच कितव्याही वेळी हसवतात. माझी हरकत चित्रपटाला नाही, त्याच्या वहिवाटीला आहे. शेतातून रोज जाणाऱ्या पाऊलवाटेचा जसा हक्क तयार होतो तसाच सततच्या प्रक्षेपणाने चित्रपटाचा तयार होतो; जो वारंवार लागतो तो अभिजात ठरतो, आणि जो लागत नाही तो, कितीही थोर असला तरी, एका पिढीत विस्मृतीच्या दप्तरात जमा होतो. शांतारामबापूंचा १९३९ चा ‘माणूस’ कित्येक वर्षांत कुठल्या मोफत वाहिनीवर लागलेला मला आढळला नाही. पोलीस शिपाई आणि वेश्या यांची ती गोष्ट आजच्या प्रेक्षकाला रुचणार नाही असे कोणी सिद्ध केले आहे का? विचारलेच कोणी नाही.

आता गंमत अशी की, येथे कायदा आडवा येत नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे चित्रपटाच्या स्वामित्वाची मुदत प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे आहे. त्यातल्या गीतांचा आणि कथेचा हिशेब निराळा, तो कवी-लेखकाच्या मृत्यूपासून मोजला जातो, पण निदान चित्रपट म्हणून ‘प्रभात’चा बहुतेक ठेवा आता सर्वांचा झालेला आहे. अडचण आहे ती प्रतींची. कायद्याने मोकळा झालेला चित्रपट कोणाच्या तरी कपाटात कुलूपबंद असतो, आणि वाहिन्यांच्या हाती पडते ती कुठल्यातरी जुन्या फितीवरून उतरवलेली ओरखडलेली प्रत. शिवाय जे उरले आहे तेच मुळी योगायोगाने उरले आहे. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या दंगलीत जयप्रभा जळला, त्यात भालजींचा ‘मीठभाकर’ गेला, आणि त्या जिद्दी माणसाने तो नव्याने उभा केला. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेटच्या जुन्या फितींचा मोठा साठा भस्मसात झाला, आणि तो मात्र पुन्हा कोणाला उभा करता आला नाही. मुंबई दूरदर्शनच्या आरंभीच्या काळातील कितीतरी कार्यक्रम तर आगीवाचूनच नाहीसे झाले, कारण फिती महाग होत्या आणि जुने पुसून त्यावर नवे मुद्रित करण्याचा शिरस्ता होता.

१९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि आपली सरकारी दूरचित्रवाणी, ही दोन्ही एकाच माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या छत्राखालची. एकाकडे स्वच्छ केलेल्या प्रती आहेत, दुसरीकडे गावोगावच्या छपरांवर बसलेल्या थाळ्या आहेत, आणि लोकांना जुने पाहायला आवडत नाही ही सबब तर मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत ‘रामायण’ पुन्हा दाखवले तेव्हाच निकालात निघाली. तेव्हा आठवड्यातून एक रात्र, योग्य मापात, कापाकापी न करता, आरंभीची श्रेयनामावली पुरी दाखवून, कोणत्या साली कोणी केला एवढे दोन वाक्यांत सांगून, एक जुना मराठी चित्रपट दाखवावा, आणि महिन्याभराने तोच पुन्हा दाखवावा, अशी माझी मागणी आहे. तिला नव्या कायद्याची गरज नाही. एक फाईल एका टेबलावरून दुसऱ्यावर गेली की पुरे. पाटबंधारे खात्यात हयात घालवलेले दाजी यावर मोठ्याने हसले, ते सोडून द्या.

निघण्याच्या दिवशी पुढल्या आठवड्याची यादी पडद्याच्या तळाशी सरकत होती. ‘बनवाबनवी’ बुधवारी आणि पुन्हा रविवारी. दाजींनी तात्काळ निवाडा दिला : “बुधवारचा नुसता ऐकायचा, ऐतवारचा बसून बघायचा.” आक्का आतून म्हणाली, “ऐतवारी पोरीच्या सासरचं येणार हाईत. टीव्ही बंद.” दाजींनी क्षणभर विचार केला आणि बुधवारचा बसून बघायचे ठरवले.