‘मीच तो’ म्हणणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा?

हॉस्टेलवर रात्री नेट गेलं की पहिली शिवी सर्व्हरला आणि दुसरी वायरला! पण कधीकधी दोन्ही ठणठणीत असतात. कुणीतरी एक फुकटचं सॉफ्टवेअर चालवून बाकीच्यांचं नेट कापलेलं असतं. वर ‘आपण हॅकर’ असा रुबाब! माझ्या मते यात हुशारी काडीची नाही. हे कसं चालतं ते सगळ्यांना कळलं, तर हा रुबाब टिकणार नाही.

लॅनवर डेटा पोचवायला नुसता आयपी अ‍ॅड्रेस पुरत नाही, नेटवर्क कार्डाचा मॅक अ‍ॅड्रेस लागतो. तो शोधून देतो एआरपी. आमच्या प्रतापगडच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत कुणी हरवलं की भोंग्यावरून पुकारा होतो. ऐकतात सगळे, येतो एकच. एआरपीचंही तसंच. ‘हा आयपी कुणाचा?’ अशी हाक सगळ्या लॅनभर जाते आणि ज्याचा असेल तो उत्तर देतो.

फरक एवढाच की यात्रेत घरचे चेहरा ओळखतात. कॉम्प्युटर ओळखत नाही! जो ‘मीच तो’ म्हणेल, त्याचा मॅक तो टेबलमध्ये लिहून ठेवतो. डेव्हिड प्लमरने नोव्हेंबर १९८२ मध्ये आरएफसी ८२६ लिहिला, त्यात उत्तर देणाऱ्याची ओळख पटवायची सोयच नाही.

मग ऑपरेटिंग सिस्टिम काय करते? लिनक्सचं बघा. न विचारता आलेल्या घोषणेवरून लिनक्स सहसा नवी नोंद करत नाही. पण त्या आयपीची नोंद आधीच असेल, तर ती बदलते. आणि गेटवेची नोंद तर नेट वापरणाऱ्या प्रत्येकाकडे असतेच! म्हणून ‘गेटवे मीच’ असं खोटं सांगणाऱ्याचं फावतं. तुमचा डेटा त्याच्याकडे जातो. त्याने पुढे पाठवला नाही की तुमचं नेट बंद. आज बहुतेक साइट्स एनक्रिप्टेड असल्यामुळे पासवर्ड वाचणं अवघड झालंय, पण नेट कापणं मात्र तितकंच सोपं आहे.

दोष लिनक्सचा का? मला नाही वाटत. एखाद्या मशीनचं कार्ड खरोखर बदललं, तर बाकीच्यांना ते लगेच कळायला हवं. त्यासाठीच ही मोकळीक आहे. विश्वास ठेवल्याशिवाय लॅन चालत नाही. पण ओळखीच्या चार मशीन्सच्या लॅबमध्ये जो विश्वास चालतो, तो शेकडो पोरांच्या हॉस्टेलमध्ये आंधळेपणाने कसा चालेल?

उपाय आहेत. मॅनेज्ड स्विचवर ‘डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन’ सुरू करता येतं. मग डीएचसीपीने कुणाला कोणता आयपी दिला ते स्विच ताडून पाहतो आणि खोटं उत्तर तिथेच अडवतो. दुसरा उपाय बिनपैशाचा: गेटवेचा खरा मॅक ऑफिसने नोटीस बोर्डवर लावावा. नेट अडलं की टर्मिनलवर एआरपीचं टेबल उघडा आणि ताडून बघा. गेटवे आणि दुसऱ्या एखाद्या आयपीसमोर एकच मॅक दिसला, तर दाल में कुछ काला है!

परीक्षेत आपण एआरपीच्या पॅकेटची चौकट काढून मार्क घेतो. पण स्वतःचं टेबल उघडून किती जण बघतात? सरांना विनंती, एक प्रॅक्टिकल याचं ठेवा. आणि नेट कापणाऱ्या मित्रांनो, विश्वास ठेवणाऱ्याला फसवायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. त्याला वाचवायला मात्र व्हावं लागतं.