रंग गेला, विष राहिलं

इचलकरंजीत एका ओढ्याला सगळे 'काळा ओढा' म्हणतात. नाव पाडून आपण मोकळे झालो, जणू तो जन्मतःच काळा होता. शहराचं आणि तिथल्या कापड-रंगाईचं सांडपाणी पोटात घेऊन तो पंचगंगेला मिळतो, पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, आणि त्याच संगमात आपण पुण्यासाठी बुडी मारतो!

बस्त्याच्या दुकानात आपण दहादा विचारतो, "रंग जाणार नाही ना?" सुती कापडाच्या रिॲक्टिव्ह रंगातला बराचसा भाग धागा धरतच नाही, तो पाण्याबरोबर वाहून जातो. उन्हाला, साबणाला दाद न देणारा हा रंग नदीलाही सहजासहजी दाद देत नाही. तो गेला कुठे, हे आपण एकदाही विचारलेलं नाही.

पावसाळ्यात आंब्याचा कुजका ओंडका हाताने उकलून पाहा. आत पांढऱ्या तंतूंचं जाळं असतं आणि लाकूड भिजल्या पावासारखं दबतं. ही पांढऱ्या कुजीची बुरशी. आपण आवडीने खातो ती धिंगरी अळंबी याच गोतातली. लाकडाला कणखरपणा देणारं लिग्निन ती फोडते. लॅकेज, पेरॉक्सिडेज ही तिची विकरं एकाच रेणूला बांधलेली नसल्यामुळे रंगाचे रेणूही त्यांच्या तडाख्यात सापडतात. १९८३ मध्येच फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम या बुरशीने रंग फिके केल्याचं प्रसिद्ध झालं. याच पंचगंगेच्या काठच्या कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठात, सूक्ष्मजीवांकडून रंग फोडून घेण्यावर वर्षानुवर्षं काम झालं आहे. ज्ञान वरच्या अंगाला आहे आणि घाण खालच्या अंगाला.

पण बुरशीला रंगाईचं कढत, खारट, सोडामिश्रित पाणी मानवत नाही. ते आधी निववावं लागतं, किंचित आंबट करावं लागतं, बुरशीला काड-भुसा द्यावा लागतो, दिवस द्यावे लागतात. मीठ तरीही उरतंच, ते वेगळं काढावं लागतं. हे सारं करणाऱ्याचं कापड महाग पडतं आणि आपण शेजारच्या दुकानाची पायरी चढतो. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ पासून आहे. त्याच्या आड उभं राहून बोटं मोडणारी गिऱ्हाइकं आपणच.

मला सर्वांत जास्त चीड येते ती आपल्या डोळ्यांची. हवा नसलेल्या गाळात जीवाणू कापडरंगांतले ॲझो रंग तोडतात. पाणी फिकं होतं, पण मागे ॲरोमॅटिक अमाइन उरतात आणि त्यांतली काही कर्करोगकारक असतात. पाणी नितळ दिसलं की आपली तक्रार थांबते. खालच्या गावातली बाई तेच पाणी घागरीत भरते, पदर लावून गाळते आणि लेकरापुढे ठेवते.