'जागा नाही' म्हणतात? मोजून बघा!

नामांतरासाठी समाजाने रक्त सांडले, तेव्हा १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले. आज त्याच विद्यापीठाचा उपपरिसर धाराशिवात आहे. पण पीएच.डी. करायला निघालेली भूम-परंड्याची आमची मुले एखाद्या गाईडने 'जागा नाही' म्हटले की मुकाट्याने परत फिरतात.

मित्रांनो, जागा मोजता येते! यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात. कोणाकडे किती आहेत, ही यादी विद्यापीठाने संकेतस्थळावर ठेवायची आहे. वजाबाकी करा, लेखी विचारा. उत्तर आले नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच.

समाजातील गाईड प्राध्यापकांनाही आमचे सांगणे आहे. लंडनमधील बाबासाहेबांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांना त्यांचे अनेक मुद्दे पटले नव्हते. तरीही रुपयाच्या प्रश्नावरील १९२३ च्या ग्रंथाला प्रस्तावना त्यांनीच लिहिली. तुम्ही तर बाबासाहेबांमुळेच त्या खुर्चीत आहात. अर्जाआधीच मुलांना जवळ बसवा, विषय पक्का करा, आराखडा तपासून द्या. ही मेहेरबानी नव्हे, समाजाचे देणे आहे.

जय भीम!