झाडाला कायदा, चढणाऱ्याला काथ्याचा दोर

दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत मुंबई, ठाणे, पुणे या शहरांत पावसाळ्यापूर्वीची वृक्षछाटणी सुरू होते. रस्त्याची एक बाजू बंद होते, टेम्पो उभा राहतो आणि पर्जन्यवृक्षाच्या तीस-चाळीस फूट उंच फांदीवर एक माणूस दिसू लागतो. पायांत काही नाही. कमरेला काथ्याचा किंवा नायलॉनचा दोर, तोही पुष्कळदा कापलेली फांदी खाली सोडण्यासाठी आणलेला. हातात कोयता, नाहीतर घरघरणारी चेनसॉ. खाली उभ्या असलेल्या मुकादमाचे लक्ष वाहतुकीकडे. या माणसाचे नाव सरकारी दप्तरात शोधू जाता सापडणे कठीण. तो ज्या झाडावर बसला आहे त्या झाडाची नोंद मात्र तेथे असते.

झाडाची नोंद झाली हे चांगलेच झाले. १९७५ साली महाराष्ट्राने नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा व जतनाचा कायदा केला, वृक्ष प्राधिकरणे आणली, परवानगीवाचून झाड तोडणे हा गुन्हा ठरवला आणि दर पाच वर्षांनी वृक्षगणना करण्याचे कर्तव्य घालून दिले. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसावृक्षाचा वेगळा दर्जाही दिला. मुंबईच्या गेल्या दशकातील गणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे मोजली गेली. या झाडांवर चढणारे हात किती, त्यांतले दरसाल किती मोडतात, हे मोजावे असे त्या कायद्याला वाटले नाही. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे झाड होते आणि झाडाखालून जाणारा नागरिक होता. झाडावरचा माणूस नव्हता.

हा माणूस पडला की अधिकारी आणि कंत्राटदार यांचे एकच ठरलेले उत्तर असते : 'पट्टा दिला होता, त्यानेच घातला नाही.' या उत्तराची एकदा नीट झडती घेतली पाहिजे. बाजारात सहज मिळणारा जो पट्टा त्याच्या हाती दिला जातो तो इमारतीच्या परातीवर काम करणाऱ्यासाठी बनवलेला असतो. त्याची कडी पाठीवर असते आणि वर लोखंडी नळी आहे असे तो गृहीत धरतो. झाडावर अशी नळी कोठे आहे? पाठीमागचा दोर प्रत्येक फाट्यात अडकतो आणि चढणाऱ्याला मागे खेचतो. झाडावर काम करण्याचा पट्टा निराळा असतो. त्यात माणूस बसल्यासारखा राहतो, दोर कमरेपाशी समोर जोडला जातो आणि दोन्ही हात कामाला मोकळे राहतात. अर्थात, जो पट्टा घातल्याने काम करता येत नाही तो कामगार काढून ठेवतो, यात अडाणीपणा असेल तर तो खरेदी करणाऱ्याचा आहे. त्यातून मजुरी झाडामागे किंवा गाडीमागे ठरलेली. सावकाश चढणाऱ्याच्या घरी त्या दिवशी चूल निम्मीच पेटते.

या कामाचे एक शास्त्र आहे आणि ते गुप्त नाही. करवत चालवताना माणूस एकाच दोरावर अवलंबून नसावा. दोन निरनिराळ्या ठिकाणी त्याचा आधार हवा, आणि करवतीजवळच्या आखूड दोरात पोलादी तार असावी, कारण साधा दोर चेनसॉच्या एका स्पर्शात तुटतो. माणसाचा दोर आणि फांदी सोडण्याचा दोर कधीही एक नसावा. ज्या दोराने एकदा पडता माणूस झेलला तो पुन्हा वापरू नये. मोठी फांदी एका कापात पाडू नये : आधी खालून, मग थोडे पुढे सरकून वरून, आणि शेवटी उरलेला ठुंठ बुंध्याजवळच्या फुगीर वळ्याला धक्का न लावता कापावा. नाहीतर फांदी साल ओरबाडत खाली येते, झाडाला जखम करते आणि वाटेत असलेल्या माणसालाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वर एक माणूस असेल तर खाली दुसरा असा हवा, की जो स्वतः चढून त्याला उतरवू शकेल. बेशुद्ध होऊन पट्ट्यात लोंबकळणारा माणूस थोड्याच वेळात दगावू शकतो. अग्निशामक दलाची वाट पाहायला तेवढी सवड नसते. ब्रिटनमध्ये उंचीवरील कामाचे नियम २००५ साली झाले. दुसऱ्या दोराने काम मंदावते अशी कुरकुर तेथेही झाली. दुसरा दोर मात्र राहिला.

येथला कामगार अज्ञानी आहे असा याचा अर्थ नव्हे. जांभळीच्या फांदीवर भरवसा ठेवू नये, शेवग्यावर चढूच नये, गुलमोहोर वरून हिरवा दिसला तरी आतून पोकळ असू शकतो, ओली फांदी विजेच्या तारेला टेकली की तीच तार होते, ही विद्या कोकणातल्या नारळ-सुपारीच्या बागांतून आणि गावोगावच्या लाकूडतोड्यांकडून शहरात आली आहे. जुना गडी नव्याला ती चहाच्या टपरीवर देतो. पण या विद्यापीठाला दोर विकत घेण्याचे अनुदान नाही.

आता कायद्याकडे वळू. झाडे तोडण्याचे काम धोक्याचे आहे हे ब्रिटिश सरकारलाही कळत होते. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात ताडामाडाचा रस काढणारे आणि झाडे तोडणारे यांचा उल्लेख सापडतो. कंत्राटदारामार्फत काम करवून घेतले तरी धंद्याचा मूळ मालक भरपाईला जबाबदार, हे तत्त्वही त्याच कायद्याने घालून दिले. स्वतंत्र भारताने १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात आणखी एक पाऊल टाकले : हंगामी काम वर्षातून साठ दिवसांहून अधिक चालत असेल तर ते तुरळक काम मानता येणार नाही. पावसाळ्यापूर्वीची छाटणी आणि पावसाळ्यात पडलेल्या झाडांची उस्तवार मिळून हे दिवस सहज भरतात.

आणि पुढचे पाऊल? ते मागे पडले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने कंत्राटी कामगारांचे संरक्षण सुरू होण्याची मर्यादा वीस कामगारांवरून पन्नासावर नेली. छाटणीच्या कंत्राटदाराकडे माणसे असतात किती? 'गाभ्याच्या कामात' कंत्राट नको असे ही संहिता एका हाताने म्हणते आणि बागकाम व तत्सम कामे दुसऱ्या हाताने गाभ्याबाहेर काढते. मात्र तेथेच एक फट आहे, आणि ती कामगार संघटनांनी हेरली पाहिजे. ही सूट ज्या आस्थापनेची स्थापनाच त्या कामासाठी झालेली नाही तिच्यापुरती आहे. वृक्ष प्राधिकरणाची स्थापना कशासाठी झाली? झाडांची निगा हा त्याचा गाभा नसेल तर दुसरा कोणता आहे?

दोष केवळ सरकारकडे बोट दाखवून संपत नाही. कायम नोकरांच्या संघटनांनी कंत्राटी माणसाला बहुधा परका मानले. झाडे वाचवण्यासाठी मोर्चे काढणाऱ्या सुशिक्षितांनी करवत धरणाऱ्याला शत्रूचा हस्तक समजण्याची चूक केली. गृहनिर्माण संस्था तर सरळच आहेत : नारळ पाडायला रस्त्यावरून माणूस बोलवायचा, दर पाडायचा, आणि तो पडला की 'आमचा काही हा धंदा नाही' म्हणून कायद्यातल्या 'धंदा' या शब्दाआड लपायचे.

रोज नवा मालक असलेल्या कामगाराला संरक्षण देता येत नाही, हा युक्तिवाद महाराष्ट्राने १९६९ सालीच खोटा पाडला आहे. हमालाला तरी कोठे एक मालक होता? तरीही माथाडी कायद्याने मंडळे स्थापली, मालक आणि कामगार दोघांचीही नोंदणी केली, मजुरी मंडळामार्फत दिली आणि तिच्यावर मालकाकडून आकार घेऊन भविष्यनिर्वाह निधी व औषधोपचार यांची सोय केली. त्याच वर्षी केरळने ताडी कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा केला. झाडे छाटणाऱ्यांचे व माडावर चढणाऱ्यांचे असेच मंडळ महाराष्ट्रात का होऊ नये, याचे उत्तर मंत्रालयाने द्यावे.

ते मिळेपर्यंत कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसण्याचे कारण नाही. सह्याद्रीच्या कड्यांवर चढणाऱ्या गिर्यारोहण संस्था गावोगावी आहेत. १९३१ साली एका ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने प्रसिद्ध केलेली प्रुसिक गाठ त्यांच्या पोरांना तोंडपाठ आहे, आणि झाडावर चढणाऱ्याला सावरणारी गाठ तीच किंवा तिची भावंडे. त्यांनी दोन रविवार छाटणी कामगारांना द्यावेत. झाड कसे ओळखावे हे बदल्यात शिकून घ्यावे. वॉर्डावॉर्डांतून मागणी व्हावी, की निविदेत झाडावरच्या कामाचा पट्टा, दोन दोर, हेल्मेट, खालचा दुसरा चढणारा आणि प्रत्येकाच्या नावाचा विमा या अटी असाव्यात, आणि मजुरी दिवसाची असावी, झाडामागे नव्हे. गेल्या वर्षीच्या निविदेत काय होते हे माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांत विचारता येते आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची असते. छाटणी एप्रिलमध्ये सुरू व्हायची असेल तर हे अर्ज जानेवारीतच पडले पाहिजेत.